हजेरी मजुराची, बिल कोणाचे?

तलासरी तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी कोपऱ्यात बसलो होतो. पाड्याच्या रस्त्याचा खर्च वाचून झाला आणि मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, "खडी किती ब्रास आली?" मजुरीचा आकडा रुपयापर्यंत सांगणारी मंडळी गप्प झाली. "बिल आहे ना," एवढेच उत्तर आले. या लेखात त्या बिलाचा माग काढायचा आहे.

हाताला काम नसेल तेव्हा सरकारने कामे काढावीत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रोजगार हमीचा राज्याचा कायदा १९७७ चा. देशाचा २००५ चा. या कामांचा पैसा दोन वाटांनी जातो. किमान ६० टक्के अकुशल मजुरीवर, आणि फार तर ४० टक्के कुशल कामावर व साहित्यावर. मजुरीबद्दल आपण खूप बोलतो. साहित्याचा पैसा मात्र सिमेंटचे दुकानदार, क्रशरवाले, वीटभट्टीवाले, ट्रॅक्टरवाले अशा तालुक्यातल्या छोट्या व्यावसायिकांकडे जातो. सरकारी कामावर जगणारा हा छोटा धंदा आहे आणि त्याचा हिशेब कोण विचारतो, हे पाहू लागलो तर चित्र विचित्र दिसते.

मजुराची नोंद अशी: १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामावरच्या मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो काढून घेतली जाते. रेंज नसलेल्या पाड्यावर ती कशी घेतात हा वेगळा लेख होईल. (२०२५ च्या जुलैत केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून सांगितले की काही ठिकाणी फोटोचाच फोटो चढवला जातो.) खडीच्या ट्रॉलीचा असा फोटो रोज कोणी मागत नाही. साहित्यासाठी पुरवठादाराचे बिल, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि सह्या, एवढ्यावर पैसे निघतात.

दुसरी गाठ कायद्यातच आहे. या योजनेत कंत्राटदाराला मनाई आहे. हेतू चांगला होता, कारण मधला माणूस मजुरी खातो हे महाराष्ट्राने पुरते पाहिले होते. पण सिमेंटचा रस्ता किंवा दगडी बंधारा होतो तेव्हा माल आणणारा, मिक्सर लावणारा, गवंडी बोलावणारा कोणीतरी असतोच. कागदावर तो फक्त 'पुरवठादार' असतो, आणि कधी तेवढाही नसतो. बिल एकाच्या दुकानाचे, काम दुसऱ्याचे. तालुक्यात याला 'बिल लावणे' म्हणतात. जो कागदावरच नाही त्याच्याकडून अहवाल कसा मागणार?

तरी सगळे पुरवठादार लबाड, असे मला म्हणायचे नाही. मजुरी १५ दिवसांपेक्षा लांबली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई कायद्यात लिहिली आहे. साहित्याच्या थकलेल्या बिलाला अशी तरतूद नाही, आणि कुशल देयके महिनोन्महिने अडकतात. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, ते वीट बनवणाऱ्याच्या कामी येऊ शकते. पण सिमेंट विकणारा दुकानदार व्यापारी ठरतो. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. परिणाम उघड आहे: ज्याच्याकडे थांबायला भांडवल आहे तोच टिकतो. पाड्यावरचा ट्रॅक्टरवाला मोठ्या दुकानदाराच्या बिलाआड जातो आणि नोंदीतून नाहीसा होतो. माझ्या मते बिल लावण्याच्या प्रथेला लबाडीइतकीच ही उशिराची देयके कारणीभूत आहेत.

अमेरिकेने २००९ च्या मंदीत चालना-पॅकेज दिले तेव्हा कायद्याच्या कलम १५१२ ने उलटी रीत घातली. पैसे घेणाऱ्यानेच दर तिमाही संपल्यावर १० दिवसांत सांगायचे, किती मिळाले, किती खर्चले, किती रोजगार झाले, पोटकंत्राट कोणाला दिले. आणि ते संकेतस्थळावर सर्वांना दिसायचे. त्यात अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांत रोजगार निर्माण झाल्याच्या नोंदी निघाल्या आणि मोठा हशा झाला. पण नोंद उघड होती म्हणूनच ती चूक लोकांना सापडली.

आपल्याकडे उघड करण्याची साधने आहेत, ती वापरात नाहीत. डहाणू आणि तलासरी पेसा क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४(च) प्रमाणे ग्रामपंचायतीने केलेल्या खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. म्हणजे खर्च योग्य झाला हे शेवटी गावाने म्हणायचे आहे. रोजगार हमीच्या २०११ च्या लेखापरीक्षण नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी सामाजिक अंकेक्षण व्हावे आणि त्याची कागदपत्रे १५ दिवस आधी मिळावीत.

ती मिळाली की पुढचे गणित शाळेतले आहे. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर म्हणजे ४५ घनमीटर, साधारण १६ ब्रास. दबाई धरली तर सुटी खडी याहून जास्त लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावते. खडी गौण खनिज असल्याने तिच्या वाहतुकीला परवाना लागतो. बिलासोबत तो परवाना आणि रॉयल्टीची पावती मागितली की तारीख, गाडीचा क्रमांक आणि माल कुठून आला हे सगळे समोर येते. दुकानाच्या बिलामागचा खरा माणूसही बऱ्याचदा तिथेच सापडतो. हे मागायला वकील लागत नाही. विनियोग प्रमाणपत्रावर सही करण्याआधी मागावे लागते, इतकेच.

सभा संपल्यावर त्या बाईंना मी विचारले, ब्रासचाच प्रश्न का सुचला? त्यांचे घर रस्त्याच्या तोंडाशीच आहे. म्हणाल्या, "आमच्या दारावरून बारा ट्रॉल्या गेल्या. मी मोजल्या." बिलावर किती ब्रास लिहिले होते, ते त्या दिवशी कोणी वाचून दाखवले नाही. पुढच्या सभेसाठी त्यांनी कागद मागणारा अर्ज दिला आहे. पोच माझ्यासमोर घेतली.