दिवसांचे राखणदार

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत राजूर नांवाचें गांव आहे. तेथील गणपतीच्या दर्शनास लोक एरवींही जातात. परंतु संकष्ट चतुर्थी मंगळवारीं आली, म्हणजे तिची अंगारकी होते आणि राजूरला मोठी यात्रा भरते. चतुर्थी दरमहा येते, मंगळवार दर आठवड्यास येतो; मग दोहोंच्या भेटीला एवढें महत्त्व कां? याचा उलगडा झाला, तर मध्य अमेरिकेंतील माया लोकांच्या पवित्र पंचांगाचें मर्म समजण्यास फारसे सायास पडणार नाहींत. या नांवाचा वेदान्तांतील मायेशीं मात्र कांहीं संबंध नाहीं.

तिथि आकाशावरून ठरते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढें सरकला, कीं एक तिथि पुरी होते. वार मात्र आकाशांत शोधूनही सांपडणार नाहीं. एकापुढें एक सात नांवें घेत जावें आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा, अशी ती माणसांनीं अखंड चालविलेली मोजदाद आहे. अंगारकी म्हणजे या दोन चक्रांची गांठ. ती वर्षाकांठीं एकदोन वेळांच पडते, म्हणून तिची पर्वणी होते.

मायांचें पवित्र पंचांगही असेंच दोन चक्रांचें आहे. पहिल्यांत १ ते १३ हे अंक, दुसऱ्यांत इमिश, इक, अक्बाल अशीं दिवसांचीं वीस नांवें. दोन्ही चक्रें रोज एकेक घर पुढें सरकतात. १ इमिशनंतर २ इक, मग ३ अक्बाल. तेरा अंक संपले, कीं चौदाव्या नांवाला पुन्हां १ हा अंक लागतो. आणि वीस नांवें संपून इमिश परत येतो, तेव्हां त्याचा अंक ८ झालेला असतो. याप्रमाणें १ इमिश पुन्हां येण्यास तेरा गुणिले वीस, म्हणजे २६० दिवस लागतात. आपल्याकडे गांठ क्वचित् पडते. त्यांच्याकडे ती रोजच पडते. त्यामुळें त्यांच्या लेखीं प्रत्येक दिवसाला स्वतःचा स्वभाव आहे आणि कोरा दिवस असा एकही नाहीं.

या आंकड्यांत माणूसच दडलेला आहे. ग्वातेमालांतील किचे भाषेंत 'विनाक' म्हणजे मनुष्य, आणि वीस या संख्येचें नांवही त्याच शब्दावरून झालें आहे; कारण हातापायांचीं बोटें मिळून वीस भरतात. आपल्या खेड्यांतील वृद्ध मंडळी विसांनीं मोजीत, त्याचेंही मूळ हेंच असावें. २६० दिवसांचा काळ गर्भवासाच्या नऊ महिन्यांशीं जवळपास जुळतो, असें तेथील जाणते सांगतात.

याखेरीज शेतीभातीसाठीं व सणांसाठीं ३६५ दिवसांचें वर्ष होतेंच. तीं दोन्ही मानें पूर्ववत् जुळून येण्यास १८,९८० दिवस, म्हणजे ५२ वर्षें लागतात. याहून लांब पल्ल्याच्या गणनेंतील एक मोठें चक्र २१ डिसेंबर २०१२ रोजीं पुरें झालें. तेव्हां जगबुडीची आवई उठली. पण चक्र पुरें झालें म्हणजे काळ संपला, असें नव्हे. आपल्या साठ संवत्सरांतील शेवटच्याचें नांव 'क्षय' आहे. त्यानंतर 'प्रभव' येतो, हें ठाऊक असल्यानें कोणी भयभीत होत नाहीं.

या पंचांगावर खरा प्रलय आला तो निराळाच. १५६२ सालीं युकातानांतील मानी या गांवीं दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें माया ग्रंथांची होळी केली. पुढें सारे मिळून चारच ग्रंथ हातीं लागले. तरीही ग्वातेमालाच्या डोंगराळ भागांत २६० दिवसांची गणना चालूच राहिली. तिचे जाणते 'आह्किह' म्हणून ओळखले जातात. 'किह' म्हणजे दिवस आणि सूर्यही. तेव्हां त्यांना दिवसांचे राखणदार म्हणतां येईल. आपल्या पांगाऱ्याच्याच कुळांतील एका झाडाच्या तांबड्या बिया मांडून ते दिवस मोजतात आणि गाऱ्हाणें घेऊन आलेल्यास सल्ला देतात. मोमोस्तेनांगो या गांवीं ८ बात्झ या दिवशीं नव्या राखणदारांस दीक्षा मिळते.

ग्रंथ जळाले, पण मोजणारीं माणसें उरलीं. म्हणून पंचांग उरलें. या गणनेचा आध्यात्मिक अर्थ भविष्य आधीं कळण्यापुरता नाहीं. आलेल्या दिवसाला नांवानें ओळखावें, त्याचें देणें त्याला द्यावें आणि मोजणीचा धागा पुढच्याच्या हातीं सोंपवावा, हें त्या राखणदाराचें व्रत. अंगारकीची पवित्रताही केवळ चंद्रानें सिद्ध होत नाहीं. चंद्र आपल्या गतीनें चालतो. मंगळवार मात्र कोणीतरी न चुकतां मोजीत आला, म्हणूनच ती गांठ पडते.