आधी तारीख, मग आकडा

नोटीस घेऊन आलेला माणूस आकड्यापासून सुरुवात करतो. "दोन लाख चौदा हजार," काका म्हणाले. खुर्चीत टेकायच्या आधी पुन्हा म्हणाले, "दोन लाख चौदा हजार!" टेबलामागच्या ताईंनी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "आकडा राहू द्या काका. तारीख कोणती?"

काकांचं नंदिनी रोडच्या बाजूला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मला ते आधी भेटले नेहरू नगर चौकातल्या चहाच्या टपरीवर. "एक रुपया बुडवला नाही, तरी कर्जदार झालो," असं तिथे कुणाला तरी सांगत होते. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. कर थकवणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. म्हणून जी.ई. रोडपासून थोडं आत, पहिल्या मजल्यावरच्या त्या करसल्लागाराच्या ऑफिसात मी काकांच्या मागोमाग गेलो, आणि नंतरही जात राहिलो.

नोटीस डीआरसी-०१, जीएसटीची, वर्ष २०२०-२१. तारीख १४ नोव्हेंबर २०२४. काका आले ३ डिसेंबरला. उत्तर द्यायला किंवा दंडाशिवाय पैसे भरायला तीस दिवस. त्यातले एकोणीस गेले होते. नोटीस पोर्टलवर पडली होती, आणि पोर्टलला जोडलेला मोबाईल नंबर काकांच्या जुन्या अकाउंटंटचा होता. "तीस दिवस म्हणजे काका, तुमच्या हातात अकरा," ताई म्हणाल्या. पुढे कुठलाही विषय निघाला की त्या एवढंच म्हणायच्या: अकरा, मग नऊ, मग सहा.

ताई राजनांदगावच्या मराठी घरातल्या. बोलणं मराठी, पण कामाचा शब्द एकच आणि तो इकडच्या हिंदीतला: मिलान, म्हणजे कागदाशी कागद जुळवणं. सी.ए. साहेब आतल्या केबिनमध्ये बसतात, सही त्यांची. पण खटला जिंकायचा की हरायचा ते ताईंच्या टेबलावर ठरतं. आरोप साधा होता. काकांनी माल घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट ३बी विवरणपत्रात जेवढं घेतलं, त्यापेक्षा पुरवठादारांनी दाखवलेलं, म्हणजे २ए मध्ये उमटलेलं, दोन लाख चौदा हजारांनी कमी होतं. फरक संगणकाने काढला. कारण शोधणं माणसाच्या वाट्याला आलं.

काकांनी बिलांची पिशवी उलटी केली आणि त्या थंडगार खोलीत जळक्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास पसरला. मला या सगळ्या प्रकरणातला तो वास सर्वांत जास्त आठवतो. नोटिशीत काका म्हणजे पंधरा अक्षरांचा एक नंबर, २२ ने सुरू होणारा, कारण २२ म्हणजे छत्तीसगड. त्या नंबरामागे कोणी पत्रा कापतं, वेल्डिंग करतं, हे फक्त पिशवी सांगत होती. धरमकाट्याच्या पावत्या थर्मल कागदावरच्या, निम्म्या पुसट झालेल्या. माल खरोखर आला याचा पुरावा तोच, म्हणून ताई एकेक पावती दिव्याखाली धरून गाडीचा नंबर वाचत आणि ई-वे बिलाशी जुळवत.

हळूहळू दोन लाख चौदा हजारांचे तुकडे पडले. ९१ हजारांची बिलं एका पुरवठादाराने मार्चऐवजी एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवली होती. कर पोचला होता, फक्त पुढच्या वर्षात. ५८ हजार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने काकांच्या मोठ्या भावाच्या बंद फर्मच्या नंबरावर टाकले होते. अशा चुकीसाठी सोय आहे: २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी डिसेंबर २०२२ मध्ये आणि त्यानंतरच्या काळासाठी २०२३ मध्ये निघालेल्या परिपत्रकांनुसार, एका पुरवठादाराकडून फरक पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचंच प्रमाणपत्र चालतं. २०२०-२१ साठी अशा फरकावर नियमाने ठरवलेली टक्केवारीची मर्यादा होती, त्यात ही रक्कम बसत होती. ताईंनी नागपूरला इतके फोन केले की शेवटी व्यापाऱ्याने कंटाळून प्रमाणपत्र पाठवलं.

उरले ६५ हजार. हा पुरवठादार दुकान बंद करून गेलेला. काकांनी त्याला करासकट पैसे बँकेतून दिले, माल आला, वापरला गेला. पण त्याने कर सरकारात भरलाच नाही, आणि कलम १६(२)(सी) म्हणतं, कर प्रत्यक्ष भरला गेला तरच क्रेडिट. थोडक्यात, बुडवला दुसऱ्याने, भरायचा काकांनी. वर वर्षाला १८ टक्के व्याज, चार वर्षांचं जवळजवळ ४७ हजार. तीस दिवसांत भरलं तर दंड नाही. नाहीतर दहा टक्के किंवा दहा हजार, जे जास्त असेल ते.

"लढू या का?" काकांनी विचारलं. ताईंनी आत साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "तत्त्वासाठी लढायचं तर लढा, फी माझी वेगळी." काका हसले नाहीत.

त्याच दुपारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आले होते. त्यांच्या नावावर आयकराची जुनी मागणी होती, आकारणी वर्ष २००८-०९, रक्कम आठ हजारांच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या अशा मागण्या सोडून दिल्या गेल्या. काही तर १९६२ पासूनच्या होत्या, असं अर्थमंत्रीच म्हणाल्या. पोर्टलवर आजोबांची मागणी आता संपलेली दिसत होती. त्यांचा प्रश्न वेगळाच: "माझी चूक नव्हती, हे कुठं लिहिलंय?" कुठंच नाही. आयकर आकारणीचं काम २०२० पासून बिनचेहऱ्याचं झालं. लाचेची वाट त्याने अरुंद झाली असेल, पण आजोबांना हा प्रश्न विचारायला समोर कोणी उरलं नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

काकांचं उत्तर तीस दिवस संपायला दोन दिवस बाकी असताना गेलं: १ लाख ४९ हजारांचा तक्ता आणि कागद, आणि उरलेल्या रकमेसाठी डीआरसी-०३ या फॉर्मने भरलेले सुमारे १ लाख १२ हजार.

टपरीवरचं काकांचं बोलणं खरं होतं. त्यांनी काही बुडवलं नव्हतं, आणि तरी एकच कर दोनदा भरला. हा कायदा प्रामाणिक खरेदीदाराला फुकटचा वसुली अधिकारी बनवतो, आणि वसुली जमली नाही तर त्यालाच पकडतो. तो बदलेपर्यंत छोट्या धंदेवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पुरवठादाराचं बिल २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या २ए सारख्याच मासिक यादीत, दिसेपर्यंत त्याच्या कराची रक्कम हातात ठेवावी. आणि पोर्टलला नंबर स्वतःचा जोडून, नोटिसांचं पान महिन्यातून एकदा तरी स्वतः उघडावं, जादा नोटिसांच्या वेगळ्या पानासकट. कारण नोटीस तिथे ठेवली तरी ती बजावली असं कायदा मानतो.