नियंत्रक विद्युत्‌दाब आणि गमक

स्वरलिपीत स्वराचे नाव लिहिता येते. त्याचे चलन लिहिणे कठीण. तिरुवल्लिकेणीतील पार्थसारथी स्वामी सभेसारख्या ठिकाणी तोडी ऐकणाऱ्या रसिकास तिचा गांधार एका जागी स्थिर असा क्वचितच भेटतो. सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ मध्ये 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' प्रसिद्ध करताना गमकांसाठी स्वतंत्र चिन्हे योजली, ती याच अडचणीपोटी. भातखंडे-लिपीतील मींडेची कमान हाही त्याच दिशेचा प्रयत्न होय. या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी वाट मॉड्यूलर सिंथेसायझर या वाद्याने दाखविली आहे.

रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेल्या या वाद्यात ध्वनी निर्माण करणारा विद्युत्‌प्रवाह आणि त्यास वळण लावणारा दाब ही दोन निराळी अंगे मानली आहेत. आंदोलक नाद उत्पन्न करतो, छानक त्यातील उच्च अंशस्वर कमीअधिक करून नादाचा रंग पालटतो, विवर्धक त्याचा लहानमोठेपणा ठरवितो. या तिन्ही घटकांना बाहेरून दिलेला दाब हाच त्यांचा नियंत्रक. आंदोलकाचा दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. म्हणजे २२० कंपने ४४० होतात आणि आणखी एका व्होल्टने ८८०. अर्ध्या स्वराचे अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट भरते. परंतु दाबाला पायऱ्या नाहीत. तो दोन स्वरांमध्ये कोठेही थांबू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. दोन दाबांची बेरीज करता येते. एक दाब मूळ स्वर सांगतो, दुसरा त्यावरील हेलकावा. प्रमाण कंपनसंख्येच्या गुणोत्तराचे असल्याने तोच हेलकावा कोणत्याही षड्जावर त्याच आकाराने बसतो. स्वर आणि गमक यांचे असे पृथक्करण लिपीत क्वचितच साधते.

तथापि मंद आंदोलकाने निर्माण होणारा एकसारखा कंप म्हणजे गमक नव्हे. तोडीच्या गांधाराची गती व व्याप्ती शेजारच्या स्वरांवर आणि संगतीच्या ओघावर अवलंबून असते. ती वक्ररेषा कोणीतरी जाणत्याने हाताने काढावी लागते. मूगच्या वाद्यास जोडता येणारी, बोट सरकवून वाजवावयाची पट्टी त्यासाठी पटलावरील स्वरपट्ट्यांहून अधिक सोयीची आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे रचना केल्या. त्यांपैकी काही ध्वनिफिती २०२३ मध्ये प्रकाशात आल्या. याच काळापर्यंत, म्हणजे १९४० पासून १९७१ पर्यंत, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, आणि मींड न निघणे हा त्या वाद्यावरील मुख्य आक्षेपांपैकी एक होता. तो आक्षेप पायऱ्यांवर होता, यंत्रावर नव्हे, हे येथे स्पष्ट होते. स्वरपटल हा दाबाचा केवळ एक उगम आहे. तो काढून टाकला तरी वाद्य उरते. वक्ररेषा जाणणारा गायक वगळला तर मात्र उरतो तो निव्वळ कंप.