प्रकाशाचे मोजमाप : वॅट, लुमेन आणि लक्स

दिवा निवडताना आपण वॅट पाहतो. परंतु वॅट हे विजेच्या वापराचे माप होय, प्रकाशाचे नव्हे. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका प्रकाश सुमारे ९ वॅटचा एलईडी देतो. दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये, तर पृष्ठभागावर पडणारा लक्समध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर सारखा पसरलेला एक लुमेन म्हणजे एक लक्स.

कलबुर्गी किल्ल्यातील १३६७ च्या जामा मशिदीला खुले अंगण नाही; संपूर्ण इमारत छताखाली असून उजेड प्रामुख्याने बाजूच्या कमानींतून येतो. साहजिकच कमानीजवळ लक्स अधिक, आत कमी. वर्गातही खिडकीपासून दूरच्या बाकाची हीच स्थिती असते. वाचन-लेखनासाठी साधारणतः ३०० लक्स अपेक्षित आहेत. म्हणून शिक्षकांनी लक्समापक दिव्याखाली न धरता सर्वांत अंधाऱ्या बाकावर ठेवावा. सरासरी पुरेशी असली, तरी तेथील विद्यार्थ्याला अक्षर दिसेलच असे नाही.