बर्डीतून ११२ वर गेलेला फोन

नागपुरातल्या सीताबर्डीतून, म्हणजे बोलीतल्या बर्डीतून, ११२ वर लावलेला फोन सीताबर्डी पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो महाराष्ट्र आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणेच्या संपर्क केंद्रात जातो. राज्यात अशी केंद्रे दोन आहेत. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आहे आणि दुसरे नागपुरात. एक बंद पडले तरी दुसऱ्याने भार उचलावा, म्हणून ही जोडी. तिथला कर्मचारी काय झाले आणि कुठे झाले हे विचारून संगणकावर ‘इव्हेंट’ तयार करतो. तो शहर पोलिसांच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचरच्या पडद्यावर येतो. डिस्पॅचर जीपीएसच्या नकाशावर जवळची गाडी शोधतो आणि गाडीतल्या ‘एमडीटी’वर, म्हणजे टॅबसारख्या यंत्रावर, काम पाठवतो. गाडीवरचा अंमलदार ते स्वीकारतो, पोचल्यावर कळवतो आणि शेवटी काय कारवाई केली ते नोंदवतो. फोन करणाऱ्याच्या कानावर या साखळीतला एकच आवाज पडतो. बाकीची साखळी कुठे तुटत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी नियंत्रण कक्षाच्या पर्यवेक्षकाची असते.

पूर्वी पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१, महिलांसाठी १०९१ असे क्रमांक पाठ ठेवावे लागत. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर देशभर एकच क्रमांक असावा या मागणीने जोर धरला आणि निर्भया निधीतून ११२ ची उभारणी झाली. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात ही सेवा सर्वांत आधी सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये आली.

साधारणपणे पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी शहराचा नियंत्रण कक्ष सांभाळतो आणि प्रत्येक पाळीला एक ड्युटी ऑफिसर असतो. बाहेरून पाहणाऱ्याला या पर्यवेक्षकाचे काम म्हणजे पडद्यावरचे आकडे बघत बसणे वाटते. प्रत्यक्षात त्याचा सगळ्यात जास्त वेळ आणि जीव ‘कुठे’ या एका प्रश्नात अडकलेला असतो. काय घडले हे चुकीचे कळले तरी पोलीस जागेवर जाऊन ते समजून घेऊ शकतात. पत्ता चुकला, तर मात्र पोलीस तिथे पोचतच नाहीत.

बर्डीत हा प्रश्न फार अवघड होतो. “बर्डीत भांडण लागलंय, लवकर पाठवा ना भाऊ,” एवढ्यावर गाडी कुठे पाठवायची? मेन रोडवर, मोदी नंबर एक, दोन की तीनमध्ये, व्हरायटी चौकात, मुंजे चौकात, झाशी राणी चौकात की मोर भवनच्या बसस्टँडवर? मोबाइल कंपनीकडून मिळणारे स्थान टॉवरवरून काढलेले असेल, तर ते बिंदू न दाखवता एक मोठे वर्तुळ दाखवते, आणि बर्डीत त्या वर्तुळात शेकडो दुकाने बसतात. जीपीएसचा बिंदू अचूक असला तरी अडचण संपत नाही. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका वेगवेगळ्या उंचीवर एकमेकींना छेदतात. खालचा रस्ता, तिकीट खिडकीचा मजला आणि वरचे फलाट नकाशावर एकाच ठिपक्यावर येतात. म्हणून कॉल घेणाऱ्याला शिकवले जाते, की पत्ता विचारत बसू नका, डोळ्यांसमोर काय दिसते ते विचारा. समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. पुलाच्या वर आहात की खाली, फलाटावर की रस्त्यावर, हे विचारा. घाबरलेला माणूस पत्ता विसरतो, पण समोरची पाटी वाचून दाखवू शकतो. नागपुरात फोनवर मराठी सुरू होऊन मध्येच हिंदी येते, त्यामुळे दोन्ही भाषांत कान तयार असावे लागतात.

पर्यवेक्षकाला गल्ल्या ठाऊक असणे हे तंत्रज्ञानाइतकेच मोलाचे आहे. दिवाळीच्या आधी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर माणसालाही वाट काढावी लागते. नकाशा म्हणतो, पोलिसांची बोलेरो जवळ आहे. पण ती बोलेरो चौकातच अडकणार, हे जाणणारा अधिकारी ‘चार्ली’ला, म्हणजे दुचाकीवरच्या गस्तीच्या पोलिसाला, पुढे काढतो आणि गाडीला मागच्या बाजूने यायला सांगतो. संगणकाने सुचवलेली गाडी बदलण्याचा अधिकार माणसाकडे असलाच पाहिजे, आणि बदलली तर कारण नोंदवण्याची सवयही.

दुसरा प्रश्न क्रमाचा. एकाच वेळी मोटारसायकल चोरीची तक्रार, लाऊडस्पीकरचा त्रास आणि घरात नवरा मारतोय म्हणून दबक्या आवाजात आलेला फोन असेल, तर आधी कोण? जिथे जिवाला धोका आहे आणि गुन्हा अजून चालू आहे, ते वर. जे घडून गेले ते खाली. दबका आवाज किंवा मध्येच कट झालेला फोन क्षुल्लक समजायचा नाही, उलट परत लावून पाहायचा. रांग साचली तर काय होते, हे लंडनने १९३५ मध्ये अनुभवले. विम्पोल स्ट्रीटवरच्या घराला आग लागली, शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत खोळंबला आणि पाच स्त्रिया दगावल्या. त्यातूनच ३० जून १९३७ रोजी जगातला पहिला आपत्कालीन क्रमांक, ९९९, सुरू झाला. अमेरिकेतला आजचा प्रचलित निकष सांगतो, की नव्वद टक्के फोन पंधरा सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत.

फोन वेळेत उचलला म्हणजे काम झाले, हा समज मात्र घातक आहे. १७ जानेवारी २००८ रोजी फ्लोरिडात डेनिस अँबर ली या तरुणीचे अपहरण झाले. अपहरणकर्त्याच्या गाडीशेजारून गाडी चालवणाऱ्या एका महिलेने ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून रस्ते आणि चौक तपशीलवार सांगितले. पण ही माहिती गस्तीच्या गाड्यांपर्यंत गेलीच नाही आणि डेनिसचा खून झाला. पुढे फ्लोरिडात कॉल घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला. पर्यवेक्षकाने पडद्यावर आवर्जून शोधायचा तो इव्हेंट हाच: नोंदला गेलेला, पण कोणीही न स्वीकारलेला. काही क्षणांत गाडीकडून होकार आला नाही तर वायरलेसवर पुकारा करायचा, तरी उत्तर नाही तर ठाणे अंमलदाराला फोन करायचा. ‘पाठवले’ आणि ‘पोचले’ यांतले अंतर भरून काढणे हा या कामाचा गाभा आहे.

एमडीटी आल्यानंतरही वायरलेसची गरज संपलेली नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून बोलणे मोजके ठेवायचे आणि मिळालेला मेसेज परत वाचून दाखवायचा, हा नियम. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चे यशवंत स्टेडियम, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट आणि झिरो माइलच्या परिसरात अडवले जातात, तेव्हा या नियमाची कसोटी लागते. याच भागात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. गर्दी कुठे दाटते आहे, तिला बाहेर पडायला कोणती वाट मोकळी आहे, हे पुढच्या रांगेतल्या पोलिसाला दिसत नाही. मागून, उंचावरून आणि कॅमेऱ्यांवरून पाहणाऱ्यांनी त्याला सांगावे लागते. म्हणून मोठ्या बंदोबस्ताचे बोलणे वेगळ्या चॅनेलवर नेणे शहाणपणाचे, नाहीतर शहरातल्या नेहमीच्या हाका त्या गोंगाटात बुडतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आणखी वेगळी होती. मध्यरात्रीनंतर कोसळलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि मोर भवनचा बसस्टँडही पाण्याखाली गेला. एसडीआरएफ, एनडीआरएफ ही आपत्ती प्रतिसाद दले आणि लष्कराला उतरावे लागले. अशा वेळी एका घटनेचे शेकडो फोन येतात. ते एकत्र जोडले नाहीत तर एकाच गल्लीकडे चार पथके धावतात. घाईने जोडले तर त्याच गल्लीतले, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे घर दुसऱ्याच्या नोंदीत विरून जाते. घटना एक, घरे वेगळी, असा हिशेब पर्यवेक्षकालाच ठेवावा लागतो. त्या पुरात मूकबधिर विद्यालयातल्या मुलांची सुटका करावी लागली होती. बोलू न शकणाऱ्यांची हाक कशी पोचणार, हा प्रश्न त्यामुळे फार खरा ठरतो. एसएमएस, अ‍ॅप आणि मोबाइलचे पॅनिक बटण यांतून आलेले मेसेज म्हणूनच आवाजी फोनच्या मागे पडता कामा नयेत.

खोटे आणि मस्करीचे फोन ही रोजची डोकेदुखी. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. पण तो ठरवायचा घटनास्थळ तपासल्यावरच. हा नेहमीचाच माणूस आहे, असे म्हणून आवाजावरून निकाल देण्याची मुभा कोणाला नाही.

कानाला हेडफोन लावून बसणाऱ्यांची काळजी हा देखरेखीचाच भाग आहे, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आपत्कालीन कॉल घेणाऱ्या १७१ कर्मचाऱ्यांना आयुष्यातला सर्वांत वाईट कॉल विचारला. लहान मूल अचानक जखमी होणे किंवा दगावणे, हे उत्तर सर्वाधिक आले. हे लोक घटनास्थळी कधीच जात नाहीत आणि पुढे काय झाले हे त्यांना बहुधा कळत नाही. असा कॉल संपताच पुढचा फोन देण्याऐवजी त्या कर्मचाऱ्याला थोडा वेळ उठू देणे आणि शेवट काय झाला ते नंतर आवर्जून सांगणे, एवढे पर्यवेक्षकाच्या हातात असते. त्याला खर्च नाही.

पाळी बदलताना उघडे इव्हेंट, बंद पडलेल्या गाड्या, नादुरुस्त कॅमेरे आणि बंद रस्ते पुढच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगून नोंदवहीत लिहिले जातात. ध्वनिमुद्रणांतले काही कॉल नंतर पुन्हा ऐकले जातात. त्यात चूक काढण्यापेक्षा कोणता प्रश्न आधी विचारायला हवा होता, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. महिन्याभराच्या नोंदी नकाशावर मांडल्या, की कोणत्या चौकातून कोणत्या वेळी फोन वाढतात हे दिसते, आणि त्यावरून संध्याकाळच्या चार्लीने व्हरायटी चौकात थांबायचे की मुंजे चौकात, हे ठरवता येते.