वानराचें पोट आणि आपलें पुण्य

वर्ध्याहून सेलू, हिंगणी या बाजूनें बोरच्या अभयारण्याकडे जाऊं लागलें म्हणजे शेतें मागें पडतात आणि सागाचें रान लागतें. १९७० सालीं अभयारण्य व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेलें हें रान वाघामुळें प्रसिद्ध असलें, तरी तेथें जाणाऱ्यास हटकून दर्शन देतो तो वानरच. गेल्या हिवाळ्यांत आम्ही घरच्या लहानथोर मंडळींसह तिकडे निघालों असतां, रस्त्याच्या कडेस एक गृहस्थ मोटार थांबवून वानरांच्या टोळीस शिळ्या पोळ्या, फुटाणे व पेढे वांटीत असलेले दिसले. "मारुतीचे वंशज, तेवढेंच पुण्य!" असें ते समाधानानें म्हणाले. त्यांच्या भावनेविषयीं आम्हांस आदरच आहे. पण त्या प्राण्याचें पोट कसें घडलें आहे हें त्यांस ठाऊक असतें, तर हें पुण्य त्यांनीं निराळ्या रीतीनें जोडलें असतें, यांत शंका नाहीं.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. वानर व माकड हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थानें योजतों; परंतु हे प्राणी दोन. तांबूस तोंडाचें तें माकड; काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा व धडाहून लांब शेंपटीचा तो वानर. माकडाच्या गालांत पिशव्या असतात व मिळेल तें धान्य तें त्यांत कोंबतें. वानरास अशा पिशव्या नसतात. त्याची सारी कोठी पोटांत!

ही कोठी मोठी नवलाची आहे. वानराचें जठर एकाच पिशवीचें नसून कप्प्याकप्प्यांचें असतें. पुढल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्तीस असतात व ते चघळलेला पाला आंबवून त्यांतील सत्त्व मोकळें करतात. गाई-म्हशींच्या पोटांतही असाच व्यवहार चालतो; मात्र वानर रवंथ करीत नाहीं. कोवळीं पानें, कळ्या, शेंगा व उंबर-वडाचीं फळें हा त्याचा आहार. यांत पीठ व साखर एकदम फार पडली, कीं आंबण्याची क्रिया भलत्याच वेगानें होते, आंबटपणा वाढतो, आणि पाला पचविणारे ते उपकारी जंतुच नाश पावूं लागतात. आपल्या गोठ्यांतील गाय धान्याच्या पोत्यांत तोंड घालून आजारी पडते, तसाच हा प्रकार होय.

वानराच्या या पानखाऊ घराण्याची दुसरी मोठी शाखा आफ्रिकेच्या अरण्यांत नांदते. तिला कोलोबस म्हणतात. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ 'छाटलेला' असा आहे. कारण त्या वानराच्या हातास अंगठ्याच्या जागीं केवळ एक खुंट असतो. केनिया, इथिओपिया वगैरे देशांत आढळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या कोलोबसाचें पिलूं पांढरें शुभ्र जन्मतें. आपल्या वानराचें पिलूं काळपट जन्मतें. रंग उलट, पण पोटाची रचना मात्र तीच.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस वानरांचा संसार परका वाटणार नाहीं. बहुधा एक प्रौढ नर, अनेक माद्या व पोरेंबाळें अशी त्यांची टोळी असते. येथें लेकी जन्मभर माहेरींच राहतात. घर सोडावें लागतें तें मुलग्यांस. सुमारें दोनशें दिवसांच्या गर्भवासानंतर पिलूं जन्मास आलें, कीं पहिल्या दिवसापासूनच मावश्या व बहिणी त्यास आळीपाळीनें घेतात, आणि बाळंतीण तेवढ्यांत चार पानें सुखानें खाते.

शेजारधर्मही त्यांस आहे. झाडावर वानर चरतात तेव्हां खालीं चितळें जमतात. कारण खाण्यापेक्षां टाकणें अधिक, ही वानराची रीत. वाघ किंवा बिबट्या दिसला, कीं वानर वरून खकरून इशारा देतो. चितळाचें नाक खालीं जागें असतें. दोघांचाही जीव एकमेकांच्या सावधपणावर तगतो.

पोळीच्या आशेनें वानर रस्त्यावर उतरला, कीं हें सारें बिघडतें. तो मोटारीखालीं सांपडतो, कुत्र्यांच्या तोंडीं जातो. माणसाचें भय मोडल्यावर तोच वानर तुरीच्या, हरभऱ्याच्या शेतांत व संत्र्याच्या बागेंत शिरतो. मग ज्याचें पीक गेलें तो शेतकरी त्यास चोर म्हणतो, व त्याचा राग अगदींच गैर म्हणतां येत नाहीं. पुण्य मोटारींतल्या माणसाचें आणि दंड कुणब्याचा, असा हा उफराटा न्याय! अभयारण्यांत वन्य प्राण्यांस खाऊ घालण्याची मनाई आहे ती याचसाठीं.

तेव्हां शनिवारीं मारुतीस तेल वाहावें, रुईची माळ घालावी, प्रसादाचे फुटाणे मुलांस वांटावे. आणि मारुतीच्या गोतावळ्याची सेवा करावीशी वाटलीच, तर गांवाबाहेरच्या पडीक जागेंत उंबराचें किंवा वडाचें एखादें रोप लावून तीन उन्हाळे त्यास पाणी घालावें. परततांना आमच्या धाकट्या नातवानें हातांतली पोळी पुन्हा डब्यांत ठेवली व "वानर आपलीं पानें खाऊं देत," असें तो म्हणाला, तें आम्हांस फार आवडलें.