कचेरीतील पावले

रायपूर हे गेल्या दोनशे वर्षांपासून कचेऱ्यांचे गाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगड सुभ्याचा कारभार रतनपूरहून चाले. १८१८ साली आप्पासाहेब भोसले पदच्युत होऊन हा मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला आणि ॲग्न्यू नावाच्या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले, तेव्हापासून तहसील, जमाबंदीचे दप्तर, न्यायकचेरी, रेल्वेचे विभागीय कार्यालय आणि, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाल्यावर, प्रत्यक्ष मंत्रालय अशी एकेका कचेरीची भर या गावात पडत गेली. कमाविसदार-फडणिसांच्या मागोमाग आलेली आणि पुढे रेल्वे, शाळा, बँका यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने स्थिरावलेली येथली मराठी घरेही बहुतांशी याच कचेऱ्यांवर वाढली. म्हणून कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न या गावाला परका नाही. सकाळी घरोघर डबा भरला जातो आणि त्या डब्याबरोबर घरातले एखादे माणूस सात-आठ तासांच्या बैठकीसाठी बाहेर पडते.

राज्यस्थापनेनंतरची पहिली बारा वर्षे मंत्रालय जुन्या शहराच्या मध्यभागी, दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या डी. के. एस. भवनात होते. जयस्तंभ चौक, शास्त्री चौक, कलेक्टर कचेरी ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी गाठण्याजोगी. बुढापारा किंवा तात्यापारा येथे राहणाऱ्या कारकुनाला मनात आणले तर छत्री घेऊन घरून निघावे आणि वेळेवर हजेरीपटावर सही करावी इतके ते अंतर माफक होते. २०१२ साली मंत्रालय नव्या रायपुरातील महानदी भवनात गेले आणि विभागप्रमुखांची कार्यालये इंद्रावती भवनात भरू लागली. नवे नगर आखताना रस्ते रुंद ठेवले, पदपथ दिले, सायकलींसाठी वेगळी वाट काढली, या गोष्टी निःसंशय स्तुत्य आहेत. तथापि जुन्या शहरातले घर आणि नव्या नगरातली कचेरी यांच्यामध्ये वीस-पंचवीस किलोमीटर पडले आणि नोकरीच्या दिवसातून चालणे हे कोणी न ठरवता, कोणाच्या ध्यानातही न येता, वजा झाले. घराजवळच्या नाक्यावर बस, बसमधून उतरल्यावर दरवाजा, दरवाजापासून लिफ्ट, लिफ्टपासून खुर्ची, आणि संध्याकाळी हाच क्रम उलट दिशेने, अशा दिनचर्येत पाय हे अवयव जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

या बैठकीचा परिणाम पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. दुपारी चारच्या सुमारास कोणत्याही कारकुनाने आपला मोजा घोट्याच्या खाली सरकवून पाहावा. सकाळी जेथे नुसती अस्पष्ट रेघ होती तेथे आता खोल वळ उमटलेला असतो आणि बोटाने दाबले असता कातडीवर पडलेली खळी भरून यायला क्षणभर लागतो. कारण असे की पायांतले रक्त वर हृदयाकडे नेण्याचे काम एकट्या हृदयाचे नसते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि त्या शिरांतल्या लहान झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच शरीरशास्त्राचे अभ्यासक पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. माणूस तासन्‌तास बसून राहिला की हे दुसरे हृदय थांबते. त्याखेरीज मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू निश्चल राहिल्याने रक्तातील साखर आणि स्निग्ध द्रव्ये उचलून खर्च करण्याची त्यांची क्रियाही मंदावते, आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच अधिक भयावह आहे.

छत्तीसगड हा भाताचा प्रदेश. डब्यात पोळी असली तरी भात असतोच, आणि भात पचून त्याची साखर रक्तात उतरते ती नेमकी जेवणानंतरच्या तास-दीड तासात, म्हणजे कारकून पुन्हा खुर्चीत बसून फायलीवर शेरा लिहीत असतो तेव्हा. आपल्या वडीलधाऱ्यांनी जेवणानंतर शतपावलीचा जो परिपाठ घालून दिला त्यामागे हेच अनुभवसिद्ध ज्ञान असावे. चरकाने प्रमेहाची, म्हणजे मधुमेहाच्या कुळातल्या विकाराची, कारणे सांगताना बसून राहण्यातल्या सुखाचा उल्लेख केला आहे, आणि सुश्रुताने तर निर्धन प्रमेह्याला पायात वहाण व डोक्यावर छत्र न घेता शंभर योजने चालत जाण्याची आज्ञा केली आहे. आधुनिक संशोधनाचा कलही तिकडेच आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे संथ चालणाऱ्यांची जेवणानंतर चढणारी साखर, सबंध दिवस बसून राहण्याच्या मानाने, ५८ टक्क्यांनी कमी चढली आणि रक्तदाबही उतरला. प्रयोगातील माणसे अवघी अकरा होती, त्यामुळे हा आकडा शिलालेखासारखा मानू नये; परंतु त्याची दिशा इतर प्रयोगांशी जुळते. ज्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीनुसार मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे, त्या देशात एवढी दिशाही मोलाची आहे.

काम करताना चालणारा आणि काम करताना बसणारा यांची पहिली पद्धतशीर तुलना मात्र सत्तर वर्षांपूर्वीच झालेली आहे, आणि ती इतकी उद्बोधक आहे की तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाचे एक वैद्य होते. हृदयविकार एकाएकी इतका का वाढला या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची माहिती गोळा केली. गाडी तीच, शहर तेच, दोघांचा सामाजिक दर्जाही जवळपास तोच. पण चालक पाळीचा बहुतेक वेळ आसनावर बसून असे, आणि वाहक तिकिटे फाडत खालून वर, वरून खाली असा दिवसाकाठी सुमारे सहाशे पायऱ्या चढे. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की वाहकांना हृदयविकार चालकांहून कमी होतो, आणि झालाच तर तो तितका घातक ठरत नाही. टपाल खात्यातही हाच प्रकार आढळला: पायी वा सायकलीवरून पत्रे वाटणारा टपालवाला हा त्याच खात्यातील टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा आणि टेलिफोन जोडून देणाऱ्यापेक्षा अधिक निरोगी होता.

मॉरिस यांच्याविषयी आदर वाटावा तो त्यांनी पुढे केलेल्या शोधामुळे. जात्याच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील काय, अशी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली आणि तिच्या निरसनासाठी बस कंपनीच्या गणवेशाची दप्तरे उघडली. शिंप्याने नोंदलेल्या विजारींच्या कमरेच्या मापांवरून असे निघाले की चालकांची कंबर वाहकांहून खरोखरच मोठी होती, आणि ती तरुण वयातही मोठी होती. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीपूर्वीचाच होता. ही कबुली त्यांनी १९५६ साली छापून जाहीर केली. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या पाहण्यांनी स्थूलतेचा हिशेब वेगळा काढूनही चालण्याचा लाभ शिल्लक राहतो असे दाखविले, तेव्हा मूळ सिद्धांत अधिकच दृढ झाला.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, ही समजूत मात्र पुष्कळांना निरुत्साही करते. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा गुंफला, तेथून तो जगभर पसरला. वृद्ध स्त्रियांच्या २०१९ मधील एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांहून स्पष्टपणे कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक लाभ फारसा दिसला नाही. मिनिटाला शंभर पावलांच्या गतीने दहा मिनिटे चालले की हजार पावले होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली मर्यादा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची आहे, आणि ती मिनिटे सलग असण्याची अट आता उरलेली नाही. कचेरीच्या पाच दिवसांत रोज अर्धा तास, तोही तीन तुकड्यांत, एवढ्याने किमान मर्यादा पुरी होते.

मग हा अर्धा तास कोणाचा असावा? येथे माझे मत स्पष्ट आहे: तो कचेरीचा असला पाहिजे. बुढातालाबच्या काठाने किंवा तेलीबांधा तलावाच्या फेरीवाटेने पहाटे फिरणारे लोक मी पाहतो तेव्हा आनंद वाटतो, परंतु त्यांत स्वयंपाक, मुलांची शाळा आणि साडेआठची बस सांभाळणारी कारकून बाई क्वचितच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी काढलेल्या अनुमानानुसार २०२२ साली भारतातील ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष आवश्यक तेवढी हालचाल करीत नव्हते. या तफावतीचे कारण आळस नव्हे, वेळ हेच आहे. जो वेळ माणसाच्या हाती नाही त्यात त्याने व्यायाम करावा असा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

आपल्या कायद्याला ही दृष्टी अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभे राहून काम करणाऱ्या मजुरांसाठी बसण्याची सोय करणे मालकाला बंधनकारक केले. श्रमाने शरीराची हानी होत असेल तर ती टाळण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. आज ज्यांची हानी बसण्याने होते त्यांच्यासाठी उठण्याची सोय करणे हा त्याच तत्त्वाचा पुढला भाग होय. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या जागीच करण्यासाठी पाच मिनिटांचा योगविराम तयार केला आणि २०२१ साली केंद्रीय कार्मिक विभागाने सर्व मंत्रालयांना त्याचा प्रसार करण्याविषयी लिहिले. कचेरीच्या वेळेत पाच मिनिटे शरीरासाठी देणे हा शिस्तभंग नव्हे, एवढे तरी त्यामुळे शासकीय शिक्क्यानिशी सिद्ध झाले आहे.

रायपुरात हे घडवायचे तर प्रथम उन्हाचा विचार हवा. एप्रिल ते जूनमध्ये पारा ४४ अंशांच्या आसपास असताना कोणालाही दुपारी अंगणात फिरविणे हे क्रौर्य ठरेल. परंतु मोठ्या इमारतींतले लांब व्हरांडे आणि मार्गिका सावलीतच असतात. पन्नास मीटरांच्या मार्गिकेत दहा वेळा जाऊन परत आले की एक किलोमीटर होतो. दोन माणसांनी बोलायची प्रकरणे टेबलाशी न बोलता चालत बोलावीत, शेजारच्या कक्षाला टिपण संगणकावरून धाडण्याऐवजी स्वतः जाऊन विचारावे, पिण्याचे पाणी टेबलावर न ठेवता मार्गिकेच्या टोकाला ठेवावे, एक-दोन मजल्यांसाठी जिना धरावा. जिना मात्र झाडलेला, उजेडाचा आणि सामानाच्या पेट्यांनी न अडलेला असला पाहिजे. कित्येक कचेऱ्यांत तो जुन्या कपाटांची कोठी झालेला असतो. जेवणाची सुट्टी डबा उघडण्या-मिटण्यात संपते, तिच्यात दहा मिनिटांच्या शतपावलीसाठी अवकाश ठेवावा. ज्यांना जागा सोडता येत नाही, उदाहरणार्थ खिडकीवर पैसे किंवा अर्ज स्वीकारणारे, त्यांच्यासाठी बदली माणूस नेमल्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ आहे, कारण सर्वांत अधिक बसणारा तोच. गुडघे दुखणाऱ्यांवर, गर्भवतींवर किंवा अपंगांवर कोणतीही सक्ती नसावी, आणि कोणाची किती पावले झाली याचा तक्ता भिंतीवर लावून स्पर्धा तर मुळीच लावू नये. माणसाचे शरीर हा वरिष्ठांच्या तपासणीचा विषय नाही.

याच शहरात असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांचे कामच चालणे आहे. रेल्वेच्या रायपूर मंडळातील कीमन हातात हातोडा घेऊन आपल्या हद्दीतले रूळ रोज पायी तपासतो, रुळाची सैल झालेली पाचर ठोकून बसवतो. २००२ साली सुरू झालेल्या आरोग्य योजनेतील मितानीन बाई घरोघर जाऊन बाळंतिणीची आणि तान्ह्या मुलाची विचारपूस करते. त्यांच्याकडे बोट दाखवून चालण्याची थोरवी गाणे मला प्रशस्त वाटत नाही. उन्हातान्हात, ओझ्यासह, विसाव्याविना घडणारे चालणे हे वेठीसारखे होते, आणि त्याने प्रकृती सुधारतेच असे नाही. त्यांना सावली, पाणी आणि विश्रांती हवी. कचेरीतल्यांना उठण्याची मुभा हवी. ज्याला जे उणे आहे ते त्याला मिळावे.

या सर्वाला फार मोठा खर्च नाही, पण एक अडचण आहे आणि ती खरी आहे. साहेब खोलीत बसलेले असताना कारकून मार्गिकेत फिरताना दिसला तर तो कामचुकार समजला जातो, आणि ही भीती कोणत्याही परिपत्रकाने जात नाही. ती साहेब स्वतः चालू लागल्यानेच जाईल. म्हणून रायपुरातील सर्व विभागप्रमुखांना, बँकांच्या व्यवस्थापकांना आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की येत्या सोमवारी दुपारचे जेवण झाल्यावर त्यांनी आपल्या खोलीचे दार उघडावे, दोन सहकाऱ्यांना बरोबर घ्यावे आणि मार्गिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटे चालावे. आणि मंगळवारी पुन्हा चालावे.